तोळणुरे अप्पांचे अठरा पत्रे

चि. रेवा आणि चि. चिन्मय,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, ते पाटी वाजवणारे अप्पा कुठे गेले?" मी "बेंगळुरूला" एवढंच म्हटलं आणि तिकडे बर्फ पडला का ते विचारलं. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मागून तुमची आई जेवायला हाका मारत असते आणि माझं लक्ष घड्याळाकडे जातं. शिवाय अप्पांची एक गोष्ट मी तुम्हाला चुकीची सांगितली आहे. चूक कळली की ती लेखी दुरुस्त करावी, असं मी शाळेत छत्तीस वर्षं मुलींना सांगत आले. तेव्हा हे लिहिणं भाग आहे. मराठी वाचायला वेळ लागेल, लागू दे. अडलं तर आईला विचारा, पण तिने सांगितलेला अर्थही एकदा तपासून घ्या.

आमच्या फाटकाला घंटा आहे. चांगली खणखणीत वाजते. अप्पांनी अकरा वर्षांत तिला एकदाही हात लावला नाही. फाटकाच्या खांबावर घराच्या क्रमांकाची जुनी इनॅमलची पाटी आहे, निळ्यावर पांढरा सतरा. अप्पा तिच्यावर मधल्या बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि समाधान झालं की मगच "बाई आहेत का?" म्हणून हाक द्यायचे. कॉलनीत सगळे मला बाईच म्हणतात. निम्म्या घरांतल्या कोणा ना कोणाला मी इंग्रजी शिकवलेलं आहे.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मी अंगणात होते. शेजारचं रिकामं घर कोणीतरी निवृत्त माणसाने घेतलं, एवढं ऐकून होते. बघते तर एक उंच, काळासावळा गृहस्थ आमच्या पाटीला कान लावून उभा.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"पाटी किती वर्षांची, बाई?"

"घर बांधलं तेव्हाची. चाळीस वर्षं झाली असतील."

"असतील म्हणजे? चाळीस की एकोणचाळीस?"

आता नमस्कार नाही, नाव नाही, आणि वर ही उलटतपासणी. मी आत गेले, घराची कागदपत्रं काढली, बाहेर आले आणि सांगितलं, "एकेचाळीस."

"आय्तु," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये 'झालं', आणि निघून गेले. मला माणूस मुळीच आवडला नाही. पण आकडा चुकीचा सांगितलेला मलाही खपत नाही, आणि तो कोणीतरी विचारला याचं मनातून बरं वाटलं होतं.

शरणप्पा तोळणुरे हे त्यांचं नाव. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कन्नड, दारात मराठी आणि नोकरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचं आयुष्य वाटलेलं होतं, आणि तिन्ही भाषांत ते तितकंच कमी बोलत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बसवराज बेंगळुरूला. स्वतः अप्पांनी त्याच शहरात एका प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, आणि मुलगा तिथे स्थिरावला तेव्हा हे मात्र उठून सोलापूरला परत आले. "का?" असं विचारलं तर म्हणायचे, "हितं ऊन फुकट हाय की."

हे थट्टेने म्हणत नसत. त्यांचं कामच तापण्या-निवण्याचं होतं.

ते काम काय, ते तुम्हाला सांगते. मला त्यांनी कडक भाकरी घेऊन समजावलं होतं, मीही तसंच सांगते. फोनच्या मनोऱ्यांत, रडारमध्ये, उपग्रहांत अतिशय बारीक लहरी पळवणारी मंडलं, म्हणजे सर्किट, असतात. त्या लहरी म्हणजे मायक्रोवेव्ह. या मंडलांना खाली एक बैठक लागते, सपाट, आणि लहर न गिळणारी. ती साधारण सिरॅमिकची करतात. सिरॅमिक लहरीला चांगलं, पण असतं या भाकरीसारखं. असं म्हणून अप्पांनी माझ्यासमोर भाकरी मोडली. तुकडे तुकडे झाले. मग त्यांनी दुसरी भाकरी स्टीलच्या ताटलीवर ठेवली. "आता पाडा खाली." मी अर्थातच पाडली नाही, नुकतीच फरशी पुसलेली होती. पण मुद्दा कळला. खाली धातूचा पत्रा घ्यायचा, त्यावर सिरॅमिकचा पातळ लेप भट्टीत पक्का करायचा. मग बैठक पडली तरी मोडत नाही आणि उष्णताही पत्र्यातून निघून जाते.

"मग अडचण कुठे आहे?" मी विचारलं.

"पत्रा तापला की पसरतो, बाई. लेप तेवढा पसरत न्हाय. एकाला जायचं असतं, दुसऱ्याला राहायचं असतं. हजारदा ताप-निव झालं की कुठंतरी तडा जातो."

हे ऐकून मी भाकरीचे तुकडे गोळा करायला लागले. तुमचे बाबा तिकडे गेले त्याच वर्षीची ही गोष्ट.

असे लेप दिलेले पत्रे तपासायचे आणि 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं लिहून द्यायचं, ही अप्पांची तीस वर्षांची नोकरी. त्या दोन शब्दांच्या मध्ये काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. कोणी "ठीक आहे" म्हटलं की ते अस्वस्थ व्हायचे. शेजारच्या लग्नात मुलीच्या मामाने विचारलं, "अप्पा, जावई कसा वाटला?" अप्पा म्हणाले, "अजून तापला कुटं?"

मायक्रोवेव्ह हा शब्द कॉलनीत पसरला आणि पंधरा दिवसांत अप्पांच्या ओट्यावर बिघडलेल्या तीन भट्ट्या येऊन बसल्या, जेवण गरम करायच्या. ते प्रत्येकाला समजावत होते, "लाट तीच हाय, पण काम वेगळं." कोण ऐकतो! शेवटी त्यांनी तिन्ही दुरुस्त केल्या. दुरुस्तीबरोबर प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, आतल्या काचेच्या ताटाची कड कुठे टवकली आहे ते दाखवणारी, आणि खाली सही.

दाताच्या डॉक्टरांची गोष्ट तर तुम्हाला माहीत आहे, पण लिहून ठेवते. अप्पांची दाढ पडली. डॉक्टर म्हणाले, धातूवर सिरॅमिक चढवलेली टोपी बसवू. झालं! अप्पांनी खुर्चीत उठून बसून तोंडातला कापूस काढला आणि विचारलं, "लेप किती जाड? भट्टी किती अंशाची? निववली कशी?" डॉक्टर बिचारे तरुण. शेवटी अप्पा म्हणाले, "दोन करा. एक तोंडात, एक तव्यावर." डॉक्टरांना वाटलं विनोद आहे. तो नव्हता. तव्यावरची टोपी ताप-निवच्या साडेतीनशे फेऱ्या टिकली, तेव्हा कुठे अप्पांनी त्या दाढेने शेंगदाणे खायला सुरुवात केली.

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "कड बघा, बाई, कड. मधोमध काय, सगळेच चांगले असतात." कप विकत घेताना, पेरू निवडताना, माणसाबद्दल बोलतानासुद्धा. हे वाक्य कुठून आलं ते मला पुढे कळलं.

आमची ओळख वाढली ती इंग्रजीमुळे. अप्पा आपली टिपणं इंग्रजीत लिहीत. स्पेलिंग कन्नड वळणाचं आणि पूर्णविरामाशी वैर. एकदा ते घेऊन आले, "बाई, इंग्रजी तुमचं, खरं माझं. जुळवून द्या." मी लाल शाईने तपासायला बसले. 'काही पत्र्यांना थोडे तडे गेले' अशा अर्थाचं सुरेख वाक्य मी केलं. अप्पांनी ते वाचून कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"काही म्हणजे किती?"

"अहो, तीन. पण वाचायला बरं वाटावं म्हणून—"

"वाचायला बरं वाटायला तडे गेले न्हाईत, बाई."

माझ्या आयुष्यात माझं वाक्य इतक्या स्वच्छपणे कोणी खोडलं नव्हतं. मी 'तीन' लिहिलं. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी दहा ते अकरा आम्ही त्यांचं इंग्रजी आणि माझी विशेषणं दुरुस्त करत बसायचो. तुमचे आजोबा गेल्यानंतर माझ्या आठवड्यात जो एक वार बाकीच्यांपेक्षा वेगळा होता, तो हा.

एका गुरुवारी मी विचारलं, "हे सगळं कोणासाठी लिहिता तुम्ही? नोकरी तर संपली."

ते पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग सांगितलं.

प्रयोगशाळेत त्यांचे एक वरिष्ठ होते, वेंकटेशय्या साहेब. पोलादावरचा तो सिरॅमिक लेप साहेबांनी बारा वर्षं खपून तयार केलेला. लहर त्यातून सुरेख जात होती. पण शेवटच्या तपासणीत, ताप-निवच्या फेऱ्यांत, पत्र्यांना एकामागून एक तडे गेले. अप्पांनी नेहमीप्रमाणे लिहून दिलं, 'चालणार नाही.' काम बंद झालं. माणसं दुसऱ्या विभागांत वाटली गेली. साहेबांनी अहवाल पुन्हा तपासायला मागितला असता तर अप्पांना बरं वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "शरणप्पा, तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."

"आणि मग हितं आलो," अप्पा म्हणाले, "आणि तुमची पाटी बघितली. एकेचाळीस उन्हाळे. सोलापूरचे! एक तडा न्हाय. बोट फिरवलं तर कड गोल. पाटी करणाऱ्यानं पत्रा कापल्यावर कानशीनं कड घासलेली, मग लेप दिलेला. आमचे पत्रे यंत्रानं कापलेले, कड सुरीसारखी. लेप टोकावर पातळ होतो आणि तिथनंच तडकतो. मी लेपाची जाडी मोजली, भट्टी मोजली, सगळं मोजलं. कड बघितली न्हाय."

म्हणजे साहेबांचा लेप चांगला असूनही आपण त्याला नापास केलं की काय, हा प्रश्न घेऊन हा माणूस माझ्या पाटीला कान लावून उभा होता. साहेब म्हैसूरला होते, नव्वदीला आलेले. ते असेपर्यंत त्यांना नक्की उत्तर कळवायचं, यासाठी सगळी धडपड. पत्रातून 'मला वाटतं' असं त्यांना कळवणं अप्पांना शक्यच नव्हतं. पाचशे फेऱ्या झाल्याशिवाय 'वाटणं' कसलं?

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत पद्मा येमूलचा कारखाना आहे. घराच्या, दुकानांच्या इनॅमलच्या पाट्या करते. तिच्या घरी पूर्वी माग होते, ही भट्टीकडे वळली. माझीच विद्यार्थिनी, निबंधात नेहमी नापास आणि आता चौदा माणसांची मालकीण. साहेबांच्या जुन्या टिपणांवरून अप्पांनी बरीच वर्षं लेप कालवून पाहिला, आणि तो जमल्यावर पद्माने आपल्या भट्टीत अठरा पत्रे भाजून दिले. काहींची कड तीक्ष्ण, काहींची गोल. पण ती कड लेपाखाली झाकलेली, आणि फरक केसाएवढा, बोटाला न कळणारा. वरून सगळे पत्रे एकाच आईची लेकरं. कोणता कसा, हे कळायला पत्रा फोडावा लागेल. पत्र्यावर खूण करायची नाही, कारण खुणेपाशी तडा जाईल असा अप्पांना संशय. म्हणून स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कोणता पत्रा कुठे उभा आहे, हीच त्याची ओळख. वहीत तशीच नोंद, दुसऱ्या फळीवर डावीकडून चौथा, असं.

एक फेरी म्हणजे काय? भाकरीच्या मोठ्या तव्यावर पत्रे तापवायचे, पाण्याचा थेंब नाचायला लागला की उचलून शहाबादी फरशीवर निववायचे. मग कडेला शाई फासून पुसायची. तडा असेल तर शाई आत राहते आणि केसाएवढी निळी रेघ दिसते. अशा दिवसाला दोन फेऱ्या. अप्पांचं बोट कायम निळं. कॉलनीतली मुलं म्हणायची, अप्पा रोज मत देऊन येतात.

चारशे बारा फेऱ्या झाल्या होत्या. तेव्हा अप्पांचे चुलतभाऊ होटगीला वारले. अप्पा पाच दिवस तिकडे गेले आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले.

पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. तुळशीला पाणी घातलं. मग सहज आत डोकावले. मांडणीवर बोटभर धूळ. पत्रे वेडेवाकडे, कुठे दोन जवळ, कुठे मध्येच हातभर जागा. तुमच्या आजीला तुम्ही ओळखता. मी पदर खोचला, अठराच्या अठरा पत्रे उतरवले, ओल्या फडक्याने पुसले, कोरडे केले आणि परत लावले. भट्टीमुळे त्यांच्या रंगात जरा फरक होता, तेव्हा फिकट ते गडद असे, सहा-सहाच्या तीन ओळींत. इतकं सुंदर दिसत होतं की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

अप्पा परतले त्या सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन गेले. ते मांडणीसमोर उभे होते. हात मागे बांधलेले.

"धूळ फार होती हो," मी म्हटलं. "कसं दिसतंय?"

ते वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. इतके महिने गुरुवारी मी त्यांच्या नोंदी तपासत होते. डावीकडून चौथा, उजवीकडून दुसरा. मी थर्मास ओट्यावर ठेवला.

"अप्पा, मी... अहो, त्यांची जागा..."

आता ते वळले. चेहरा अगदी नेहमीसारखा. "काही बिघडलं न्हाय की," म्हणाले. "जागा कशाला पाहिजे? मला आवाजावरनं कळतात."

आणि त्यांनी एकेक पत्रा उचलून पेराने वाजवला, कान लावला, डोळे मिटले आणि धडाधड नव्या जागी लावून टाकला. एकाही पत्र्याशी अडले नाहीत. अठरा पत्रे, दहा मिनिटांत. शेवटचा ठेवून हात झटकले. "आय्तु. चहा ओता, बाई."

हीच ती गोष्ट, मुलांनो. 'कानाने पत्रे ओळखणारे अप्पा' म्हणून मी ती तुम्हाला सांगितली, तुमच्या आत्याला सांगितली, भजनी मंडळातही सांगितली.

अहवालाचं मी विचारायची. ते म्हणायचे, "फेऱ्या राहिल्यात अजून." मी मनात हिशेब केला नाही. ज्या बाईने आयुष्यभर मुलींच्या वह्यांतला एक स्वल्पविराम सोडला नाही, तिला चारशे बारानंतर पाचशे यायला इतके महिने का लागतात, हे विचारायचं सुचलं नाही. मला विचारायचंच नव्हतं, असं आता वाटतं.

दिवाळीच्या तोंडाशी एका गुरुवारी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. बसले. "साहेब गेले, बाई. परवा." इंग्रजीत अशा वेळची वाक्यं मी पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ करून घेतली आहेत, पण त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. त्या दिवशी काही तपासलं नाही. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून तवा तापल्याचा वास आला. फेरी चुकली नव्हती.

मग त्यांचे डोळे गेले. पुरते नाही, पण निळी रेघ दिसेनाशी झाली. बसवराज येऊन त्यांना घेऊन गेला. चौदाव्या मजल्यावर घर आहे त्याचं, आणि शेगडी विजेची, तिच्यावर भाकरीचा तवा बसत नाही. निघताना अप्पांनी मला किल्ली दिली, वही दिली आणि म्हणाले, "साठ राहिल्या. तुमाला जमतील तशा. न्हाय जमल्या तर न्हाय." आणि रिक्षात बसता बसता म्हणाले, "मधून वाचा. जितं खूण घातलीय तितनं."

मी कधी कोणतं पुस्तक मधून वाचलेलं नाही. मी पहिलं पान उघडलं.

पहिली फेरी. तारीख होती होटगीहून अप्पा परत आले त्यानंतरच्या अकराव्या दिवसाची.

मला वाटलं, तारीख चुकली असेल. पण अप्पांची तारीख? मी पद्माला फोन केला.

"बाई, तुम्हाला बोलले नाहीत काय ते?" पद्मा म्हणाली. "अहो, अप्पा आले की इथं, होटगीला जाऊन आल्यावर. जुने अठरा पत्रे पिशवीत घालून. म्हणाले, हे मिसळलेत, आता ह्यांचं काही खरं नाही, नवीन भाजून दे. मी म्हटलं, मिसळले कसे? तुमच्याकडनं? तर म्हणाले, पाल पडली मांडणीवर. मी लई हसले बाई. पाल पडून अठरा पत्रे मिसळतात काय कधी?"

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते पुन्हा एकपासून सुरू झाले होते. त्यानंतर सहा महिने साहेब होते. पहिला संच तसाच राहिला असता तर दीड महिन्यात उत्तर म्हैसूरला पोचलं असतं. ज्याला 'काही' हा शब्द चालत नव्हता, त्या माणसाने माझ्यासमोर दहा मिनिटं पत्रे वाजवून दाखवले, खोटे, एकामागून एक, आणि माझ्या टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

तेव्हापासून सकाळी पूजा झाली की मी शेजारच्या घरात जाते. दोन फेऱ्या मला झेपत नाहीत, एकच करते. इंग्रजीची निवृत्त शिक्षिका पोलादाचे पत्रे भाजते, हे कॉलनीला आता सवयीचं झालं आहे. मांडणीवरची धूळ तशीच ठेवते. फार त्रास होतो, पण ठेवते.

काल अप्पांचा फोन आला. बसवराज लावून देतो.

"किती, बाई?"

"अकरा."

"गेले ते कोणते?"

"तीक्ष्ण कडेचे सहाच्या सहा. गोल कडेचा एक, तो पद्मा म्हणते भट्टीच्या दाराजवळचा होता."

पलीकडून खालच्या रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येत होती.

"मग साहेबांचा लेप चांगला होता," ते म्हणाले.

"चांगला होता."

"आय्तु."

मी म्हटलं, "अप्पा, मी वही पहिल्या पानापासून वाचली."

"सांगितलं होतं की मधून वाचा म्हणून. शिकवलेलं ऐकत न्हाईत तुम्ही."

"मी त्या दिवशी पत्रे हलवले नसते, तर साहेबांना वेळेत कळलं असतं."

"असतं म्हणजे?" आवाज एकदम जुना, कडक. "मोजलं काय तुम्ही? तेवढ्या फेऱ्यांत जुन्या संचात काय झालं असतं, कुणी बघितलं? न बघितलेलं लिहायचं न्हाय, बाई. बोलायचं बी न्हाय." मग जरा थांबून, "जेवलात का?"

मी जेवले नव्हते. 'हो' म्हटलं.

पाचशे झाल्या की मी अहवाल टंकित करणार आहे. कोणाच्या नावाने, ते अजून ठरलेलं नाही. त्यांचं घर विकायचं बसवराज म्हणतो, तोवर किल्ली माझ्याकडे आहे. आज सकाळी चारशे एकाहत्तरावी फेरी झाली. अठरापैकी अकरा पत्रे शाबूत आहेत.